गोलातून काय ओरडायचं

मागचा अख्खा मोसम मी बाकावर बसून काढला आणि मला त्याची जराही तक्रार नव्हती. हिंगोलीतल्या मुलींच्या एका लहानशा फुटबॉल क्लबची मी दुसरी गोलकीपर होते. दुसरी गोलकीपर म्हणजे जिने हातमोजे घालून बसायचं, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि पहिलीला काही होऊ नये अशी मनापासून इच्छा करायची. कॉलेजात कुणी विचारलं तर 'फुटबॉल खेळते' असं सांगता यायचं, आणि खेळावं लागायचं नाही.

पोळा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी पहिली गोलकीपर पेढ्यांचा पुडा घेऊन मैदानावर आली. तिला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या. मी पेढा हातात धरून उभी राहिले. तो खाल्ला की ती गोष्ट खरी होईल असं काहीतरी मला वाटत होतं. शेवटी तो हातातच चिकट झाला.

ती गेल्यावर सरांनी स्कूटीवर आडवं बसून नव्या मोसमाचा विचार मोठ्यानं सुरू केला. सर एका शाळेत पीटी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आम्हाला. सामने दिवाळीनंतर सुरू होणार होते.

"पुढं आपल्याला काळजी न्हाई," ते जवळा बाजारहून येणाऱ्या विंगरकडे, कडेनं चेंडू पुढे नेणाऱ्या मुलीकडे, बघून म्हणाले. "फक्त हिची एसटी टायमावर आली पाहिजे."

"आन् बाजाराच्या दिवशी मॅच ठेवू नका सर," ती म्हणाली. "बाबा दुकानावरून उठूच देत न्हाईत."

"मधे ह्या दोघी." ह्या दोघी म्हणजे तांड्यावरच्या सख्ख्या बहिणी. दिवसभर पळवलं तरी त्यांना धाप लागायची नाही. "पण दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला निघाले तर?"

थोरली बुटाकडे बघत म्हणाली, "आमाला आजीपाशी ठेवतो म्हनलेत. बघू."

मग सर स्टॉपरकडे, गोलाच्या पुढ्यात बचाव करणाऱ्या मुलीकडे, वळले. ती पुसेगावची. कॉलेजसाठी हिंगोलीत खोली करून राहायची आणि सुटीला शेतात जायची. त्या दिवसांत सोयाबीनची काढणी चालू होती, तिच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. मैदानावर तिच्या बाजूनं चेंडू पुढे गेलेला मी क्वचितच पाहिला होता. यंदा विभागाच्या संघाच्या निवडीसाठी माणसं सामने बघायला येणार होती, आणि आमच्यातली कुणी त्यांच्या नजरेत भरली असती तर तीच.

"माघारी ही हाये, म्हणून भ्या न्हाई," सर म्हणाले. "आन् गोलात..."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. विंगर हळूच म्हणाली, "गोलात आता मॅडम."

मॅडम म्हणजे मी. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून "सॉरी, माय फॉल्ट" निघून गेलं होतं. पुढे कितीतरी दिवस कुणाकडून पास चुकला की चारही बाजूंनी "माय फॉल्ट, माय फॉल्ट" सुरू व्हायचं. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मला कळायचं. तरी मी मैदानावर इंग्रजी बंद केलं, आणि त्याबरोबर बोलणंही जवळजवळ बंद झालं.

सरांनी सरळ सांगितलं. दसऱ्यानंतर नांदेडची एक टीम सरावाचा सामना खेळायला येणार होती. त्यात माझं जमलं तर ठीक. "न्हाई जमलं तर हिलाच गोलात उभं करतो," स्टॉपरकडे बोट करून ते म्हणाले.

"आन् माघारी कोन, सर? खांब?" ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. गोलात उभी राहिली तर निवडीला आलेल्या माणसांना ती स्टॉपर म्हणून दिसणारच नव्हती. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. सगळं आता माझ्यावर येऊन थांबलं होतं.

खरं सांगायचं तर मला चेंडूची तेवढी भीती नव्हती. माझी उंची बरी आहे, हात लांब आहेत. भीती होती ओरडण्याची. उंच चेंडू गोलाकडे येतो तेव्हा गोलकीपरनं पुढे धावत जाऊन तो घ्यायचा असतो, आणि धावण्याआधी ओरडायचं असतं. ते ऐकून आपल्या बचावातल्या मुलीनं बाजूला व्हायचं. पहिली गोलकीपर हिंदीत "छोड!" असं ओरडायची. तिचं "छोड" रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरही ऐकू जायचं.

मला "छोड" म्हणता येईना, "सोड"ही म्हणता येईना. ती आज्ञा आहे. मला रिक्षावाल्यालाही "थांबा" म्हणता येत नाही. माझं घर मागे गेलं तरी मी तशीच बसून राहते. "कीपर!" म्हणावं तर पुन्हा इंग्रजी. दोन-तीन दिवस मी नुसतीच गोलात उभी राहिले आणि उंच चेंडू आला की स्टॉपरच तो डोक्यानं परतवत राहिली. पहिली गोलकीपर होती तेव्हा ती कधीच मागे वळून बघायची नाही. आता दर थोड्या वेळानं मान वळवायची, घरी गॅस चालू राहिलाय का अशी शंका आलेल्या माणसासारखी.

"ए, तू काहून बोलत न्हाईस?" एकदा तिनं विचारलं. "काही बी म्हन. पन म्हन."

मी खूप विचार करून एक शब्द निवडला. आले. मी आले. त्यात कुणाला काही करायला सांगितलेलं नव्हतं, फक्त माझ्यापुरती माहिती होती. तो मला म्हणता येईल असं वाटलं.

मुली कमी असल्यामुळे सर आम्हाला शाळेतल्या मुलांविरुद्ध खेळवायचे. त्या संध्याकाळी उजवीकडून उंच चेंडू आला. मी पाय उचलले आणि जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं ओरडले, "आले!"

स्टॉपर बाजूला होत होती. माझा आवाज ऐकताच ती गर्रकन फिरली आणि येणाऱ्या चेंडूला तिनं सगळ्या ताकदीनं लाथ मारली. चेंडू गेला. मागोमाग तिचा बूट माझ्या भुवईवर बसला.

शुद्ध वगैरे काही गेली नाही. मी फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर बसले होते आणि त्या पांढऱ्यावर लाल थेंब पडत होते. स्टॉपरनं स्वतःची ओढणी घडी करून माझ्या भुवईवर दाबून धरली होती.  तिचा आवाज चिडलेला होता.

"आले म्हनलीस ना तू?"

"हो."

"मंग? मी म्हनलं पोट्टे आले अंगावर. म्हनून मारला!"

तेव्हा मला कळलं. मुलं अंगावर यायला लागली की आमच्या सगळ्याच "आले आले" ओरडायच्या. मी ते रोज ऐकत होते.

"म्हणजे मी आले, असं," मी म्हणाले.

"तू आले?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू एकटी हायेस का धा जनी? आली म्हन ना!"

"मॅडम हायेत त्या," विंगर म्हणाली. "स्वतःलाच मान देऊन बोलतेत. साहेब आले, मॅडम आले."

डोळ्यात रक्त उतरत असतानाही मला हसू आलं. ते लगेच भुवईत दुखलं.

टाके पडले. माझी आई मराठीची शिक्षिका. मला तिनं इंग्रजी शाळेत घातलं, पण घरातली मराठी तिनं फार जपली. लहानपणी शेजारच्या मुलींसारखं "मी आली" म्हटलं की ताबडतोब स्वयंपाकघरातून यायचं, "आली नाही, आले." त्या संध्याकाळी मात्र ती टाक्यांकडे बघत फिरून फिरून एकच विचारत होती, "डोळा वाचला ना गं?" आणि मग, "तू कशाला मधे शिरलीस? लांब उभं राहायचं ना."

मला ते अगदी पटलं. लांब उभं राहायचं. भुवईचा ठणका थांबला तरी तो बूट डोळ्यांपुढून जाईना. कॉलेजात कुणी दप्तर बाकावर आपटलं की मी डोळे मिटायचे. मैदानावर परत आले तेव्हा पाय गोलरेषा सोडेनात. खांब म्हणजे गंजलेले लोखंडी पाइप, जाळी म्हणजे शेतातली हिरवी शेडनेट. मी त्या जाळीला इतकी टेकून उभी राहायचे की माझ्या पाठीवर तिचे चौकोन उमटायचे.

आता शब्द ठरला होता, "आली". स्टॉपर मैदानाच्या मध्यावर जाऊन उभी राहायची आणि मला गोलातून ओरडायला लावायची.

"आली."

"ऐकू न्हाई येत!"

"आली!"

"आजारी हायेस का? बराबर म्हन!"

कुंपणावर बसलेली मुलं माझ्यामागून "आलीऽऽ" करायची. माझे कान तापायचे. तरीही थोडं थोडं जमायला लागलं. एकदा घरात शिरताना चपला काढता काढता तोंडातून निघालं, "आई, आली गं."

"आली काय?" आई आतून म्हणाली. "आले म्हण. कुणाचं शिकून येतेस?"

मी तिला समजावलं नाही. तिला इतकंच वाटत होतं की टाके निघाले की मी सोडून देईन. मी नाहीही म्हटलं नव्हतं.

नांदेडची टीम आली त्या दुपारी आम्ही बूट बांधत बसलो होतो. समोर त्यांच्या मुली अंग मोकळं करायला पळत होत्या. सगळ्या एकसारख्या निळ्या कपड्यांत, उंच, आपापसात मोकळ्या आवाजात बोलणाऱ्या. स्टॉपर त्यांच्याकडे बघत होती. एकदम तिचा हात लेसवर थांबला.

"ए. ह्या पोरी हायेत."

"मग?"

"पोट्टे न्हाईत. तू आली म्हनलीस तं मी काय समजू? तू आली का ती आली?"

 इतके दिवस घोटलेला शब्द सामन्याला अर्धा तास उरलेला असताना निकामी झाला होता. मला पुन्हा तो बूट दिसला. सरांना जाऊन सांगावं, माझं डोकं दुखतंय, हिलाच उभं करा. मी उठलेसुद्धा.

तिनं माझ्या मोज्याला धरून खाली बसवलं. तिचा चेहराही उतरला होता. तिलाही भीती वाटत असेल असं मला तोवर सुचलंच नव्हतं.

"दारात आल्यावर आतून कोन म्हनलं तं तू काय म्हंतीस?" तिनं विचारलं.

"मी."

"तेच म्हन."

"नुसतं मी?"

"नुसतं मी. शेळीवानी. लांब जातं ते."

इंग्रजीत 'आय' म्हटल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही, आणि शाळेत मी तो सतत लिहिला आहे, तोही मोठ्या अक्षरात. मराठीत मात्र तो शब्द गाळता येतो. येते, जाते, बसले, आले. मी तो वर्षानुवर्षं गाळत होते. आता त्या निळ्या मुलींसमोर, कुंपणावरच्या मुलांसमोर, सरांसमोर, एवढा एकच शब्द, बाकी वाक्य न लावता ओरडायचा होता.

पहिल्या हाफमध्ये मी ओरडले नाही. उंच चेंडू आला, स्टॉपरनं मागे वळून पाहिलं, मी रेषेवरच होते, आणि तिनं वळून पाहिलं तेवढ्या वेळात त्यांच्या मुलीनं डोक्यानं चेंडू आत घातला. मी जाळीतून तो काढायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.  मधल्या सुट्टीत सर स्टॉपरच्या हातांकडे बघत होते. हातमोजे बसतील का हे बघत असावेत.

ती माझ्याजवळ आली. रागावेल असं वाटलं होतं. ती हळू म्हणाली, "मला न्हाई गं उभं राहायचं तिथं."

दुसऱ्या हाफमध्ये चेंडू डावीकडून आला. उन्हाकडून येत होता, काळा दिसत होता. स्टॉपरची मान वळायला लागली होती. ती पूर्ण वळायच्या आत मी ओरडले, "मीऽऽ!"

आवाज फाटला. शेळीसारखाच. ती खाली वाकली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन अख्खी बाजूला झाली आणि माझ्यापुढे एकदम कुणीच उरलं नाही. मला वाटलं होतं, ओरडल्यावर भीती कमी होईल. उलट तिथून ती खरी सुरू झाली. चेंडू हातमोज्यांना लागला, निसटला, छातीवर आदळला आणि मी त्याच्यावर पालथी पडले. भोवती बूट थांबत होते. मी डोळे घट्ट मिटून वाट बघत राहिले. काही लागलं नाही. डोळे उघडले तर माझ्या अंगावर दोन्ही पाय फाकून, त्या निळ्या मुलींकडे तोंड करून स्टॉपर उभी होती.

"ऊठ की आता," ती मान न वळवता म्हणाली. "अंडं उबवून राहिली का?"

मी उठले. चेंडू लांब मारला, फार लांब गेला नाही. सर कडेनं चालत होते ते थांबले आणि त्यांनी हाताची घडी घातली. स्टॉपरला गोलात जायला सांगितलं नाही. ती आपल्या जागी गेली.

त्यानंतर तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी वाट बघत होते. मला तिचं ते बघणं हवं होतं, कारण ती बघायची तोवर चूक थोडी तिचीही होती. आता तिची पाठ माझ्याकडे होती, शर्ट घामानं चिकटलेला, मान सरळ. त्यांना कॉर्नर मिळाला. एक निळी मुलगी चेंडू कोपऱ्यात ठेवून दोन पावलं मागे गेली. माझ्या भुवईतली खूण ठणकायला लागली, पाय जाळीकडे सरकू बघत होते. चेंडू उठला. स्टॉपर हलली नाही, माझ्या आवाजासाठी थांबली होती.

मी तोंड उघडलं.