साहेबांची काळी स्क्रीन

काळी पडलेली स्क्रीन दिसली की मला अजून बरं वाटतं. आमच्या नकाशांच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरची डिस्प्ले सिस्टिम, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारी यंत्रणा, साधी होती. सुरू केली की चालायची. साहेबांनी ती काढून हवी तशी बदलता येणारी बसवली. "बाई, साधं ते अडाण्यांसाठी," सगळ्यांसमोर म्हणाले. मी तिची एकेक सेटिंग शिकले.

पुढे पाहुण्यांना नकाशे दाखवताना तीच सिस्टिम बसवलेली साहेबांचीच मोठी स्क्रीन काळी पडली, सुरू होईना. कुठली सेटिंग नडतेय, ते मला बसल्या जागी कळत होतं.

"जरा बघता का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बघते की. चहा संपवते आधी."

जिथं सगळंच बदलता येतं तिथं सगळंच बिघडवताही येतं, हे त्यांना उभ्याउभ्या कळू दिलं. चहा गार झाला होता. तरी शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायले.