करपलेलं हेझलनट आणि मी

दोन आठवडे हे लिहायचं टाळतेय. आधी वाटलं, दादा वाचेल... मग वाटलं, वाचू दे की!

तर त्या दिवशी मेलबर्न सिटीत माझा इंटरव्ह्यू होता. गाडीने सात तासांवर, गुंगालिनला राहणाऱ्या माझ्या दादाने खटपट करून जुळवलेला. ऑफिसातलं, एसीतलं काम. मी चक्क अर्धा तास आधी पोचले आणि तिथेच घोळ झाला... वाटेतल्या आर्केडमध्ये एक जुनं बेल्जियन चॉकलेटचं दुकान दिसलं.

काउंटरमागे सत्तरीची मालकीणबाई. तिने चिमट्याने एक प्रलीन, म्हणजे आत सारण भरलेलं चॉकलेट, चवीला दिलं. मी आपलं सवयीने वर उडवून थेट तोंडात झेललं!

"हे काय पॉपकॉर्न आहे?" बाई किंचाळलीच. "अर्धं चाव. आत बघ. मग बोल."

आता आमची नगरला फुटाण्या-शेंगदाण्यांची भट्टी. आम्ही असंच खातो, त्यात लाजायचं काय? तरी तिने दिलेलं दुसरं मात्र अर्धंच चावलं, आत बघितलं... आणि बोलले. "हेझलनट जरा करपलंय."

बाई लालबुंद. माझं उष्टं अर्धं तिने हातातून घेऊन खाल्लं. मग आत जाऊन अख्खा ट्रे बाजूला काढून आली.

"तुला कसं कळलं?"

म्हटलं, युनिव्हर्सिटी अर्धवट सोडलीय, पण भट्टीवर पप्पा माझंच नाक वापरायचे.

या गप्पांत बाईने हेझलनट भाजायचं काम देऊ केलं, आणि इंटरव्ह्यूची वेळ कधीच टळून गेली होती. दादाचा फोन आला, मी सगळं सांगून टाकलं. "चॉकलेट खात बसलीस? अगं, भट्टीतून बाहेर काढलं तुला, आणि तू परत भट्टीतच चाललीस?"

"हो," म्हटलं. फोन कट. तेव्हापासून अबोला.

सध्या मी त्या दुकानात हेझलनट भाजते. बोटं पोळतात, केसांना वास येतो. इंटरव्ह्यू चुकवला त्याचं सॉरी मी दादाला मेसेजवर म्हटलंय. भट्टीचं सॉरी म्हणणार नाही... त्याच भट्टीवर आम्ही दोघं वाढलो.

आज बाईने मी भाजलेल्या हेझलनटच्या प्रलीनचा पहिला डबा हातात दिला. तो समोर ठेवून हे लिहीत होते, तेवढ्यात बेल वाजली...

दादा! सात तास गाडी चालवत, न कळवता आलाय. तोंड फुगलेलंच आहे. डब्यातलं एक प्रलीन उचललं, वर उडवलं आणि बरोब्बर तोंडात झेललं.