सारखे आकडे

चिखल्याचे जतीन राऊत तलासरीजवळच्या एका तंत्रनिकेतनात अठरा वर्षं विजेची सर्किटं शिकवत होते. मुलं त्यांना पाठीमागे ‘पेटीसर’ म्हणत. पेटी म्हणजे एक बंद डबा, दोन्ही बाजूंना तारा जोडायची एकेक जागा आणि एकेक मीटर. आत काय आहे ते उघडून बघायचं नाही. आधी एका बाजूने वीज द्यायची, मग दुसऱ्या बाजूने, आणि दर वेळी दोन्हीकडे मोजायचं. चार आकडे मिळाले की डब्याचं सगळं वागणं गणितात आलं. त्यातले दोन मात्र सारखे यायला हवेत, कारण इकडून दिलेलं तिकडे जेवढं पोचतं, तेवढंच तिकडून इकडे पोचतं. हे सांगताना सर असे खुलायचे, जणू हा नियम त्यांनीच लावून दिला होता!

घरी ऐकायला कोणी नव्हतं. बायको हिरकणी जाऊन सहा वर्षं झाली होती, चिकूची वाडी भाऊ बघायचा. कपाटात मुलांची जुनी जर्नलं होती, ती दाखवून सर म्हणत, “ही माझी पोरं.” एकटेपणाला तेवढाच आधार होता.

निवृत्तीच्या आठवड्यात शेवटचं प्रॅक्टिकल झालं. शाखा बंद पडत होती, उरली होती एकटी उधव्याची सोमी. तिने घाबरत वही पुढे केली. एका आकड्यासाठी तीन व्होल्ट, दुसऱ्यासाठी अडीच.

“अगं, सारखे यायला पाहिजेत ना हे?”

“म्हाईत हाय सर. दोनदा बघला, येतच नाय.” ती खाली बघत म्हणाली, “सारखा करून लिहू काय?”

सर स्वतः मोजायला बसले. तीन आणि अडीच. दुसरं मीटर आणून लावलं, तर दोन्हीकडे तीन. पेटीचं उजवं मीटरच कमी दाखवत होतं. सोमीचं काही चुकलं नव्हतं.

“मग आधीच्या पोरांचा सारखा कसा आला?” तिने सरळ मनाने विचारलं.

सरांनी कपाट उघडलं. एक जर्नल काढलं, दुसरं, दहावं. प्रत्येकात ते दोन आकडे दशांशापर्यंत तंतोतंत सारखे. खाली त्यांचीच लाल सही. चांगलं मीटरसुद्धा सगळ्यांना इतकं सारखं दाखवत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

“त्यांनी मोजलंच नव्हतं,” ते म्हणाले. “मी आकडा सांगायचो, ते लिहायचे. मीही कधी मोजून बघितलं नाही.”

सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. “जाऊ सर? जीप सुटल,” म्हणून ती निघाली.

जर्नलं टेबलावर पसरून सर बसून राहिले. त्यांना फार एकटं वाटलं, हिरकणी गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. मग एकदम वाटलं, पोरीला थांबवावं, अजून एक प्रयोग द्यावा, तिला काय दिसतं ते विचारावं. ते धावत फाटकापर्यंत गेले. उधव्याची जीप निघून गेली होती.