कोणाचा नाय

ऑफिसात कोणाच्या डब्यात वासाचा भात असला की मला डोळखांब गावाच्या वरचा तो पाडा आठवतो. मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय बौद्धिक संपदा, आणि प्रकल्पासाठी जुन्या भातांची नोंद करत हिंडत होते. एका म्हातारीने मला चुलीवरचा गरम भात वाढला, तेव्हा झोपडीभर दूध आटवल्यासारखा वास पसरला. मग राख लावून जपलेलं बियाणं तिने माझ्या ओंजळीत ओतलं. फॉर्मवर मालकाचा रकाना होता, म्हणून मी विचारलं, "आजी, हा वाण कोणाचा?" ती म्हणाली, "कोणाचा नाय गो. लागल तवढा ने." मी लिहिलं, 'मालक : कोणी नाही'. खरं तर मी त्याच भागातल्या किन्हवलीची. वाटेवरच्या जांभळीला आमच्याकडेही "कोणाची नाय" म्हणतात, म्हणजे ती सगळ्यांची असते. हे मला कळत नव्हतं असं नाही, पण रकाना भरायचा होता. त्या अहवालाचं विद्यापीठात कौतुक झालं, त्यावरच कंपन्यांचे हक्क नोंदवून देणाऱ्या वकिली फर्ममधली ही नोकरी लागली. गेल्या आठवड्यात एका बियाणे कंपनीची फाइल माझ्या टेबलावर आली. त्यांना त्याच भातावर हक्क हवाय, आणि वाणावर कोणाचा दावा नाही याचा पुरावा म्हणून माझाच अहवाल जोडलाय. साहेब म्हणाले, "तुमच्याच भागातलं आहे, तुम्हीच करा." त्या अर्जातही मालकाचा रकाना होता. या वेळी मी तिथे कंपनीचं नाव लिहिलं.