खो-खोची फी

माझी नात शाळेच्या खो-खो संघात होती. सूर मारून मारून तिच्या गुडघ्यांवर कायम खपल्या असायच्या. यंदा शाळेने खेळायलाही फी लावली. पैसे घरात होते, पण मी खेळाच्या सरांना म्हणालो, "उभा जन्म लूमवर कापड विणण्यात काढला. कुठल्या मालकाने माझ्याकडून लूमच्या धोट्याचं भाडं घेतलं न्हाय. पोरीने शाळेसाठी धावायचं आन् वर पैसे द्यायचे?"

सर म्हणाले, "नियम आहे, बाबा. जमत नसेल तर तसा अर्ज द्या, माफ करू."

जमत नाही असं मी लिहून देणार नव्हतो. नातीला सरावाला पाठवणंच बंद केलं. आम्ही कामगारांनी लूम बंद ठेवली की मालक आमच्या नारपोलीच्या खोलीवर समजूत काढायला यायचा. तसे सरही येतील, असं मी धरून चाललो. आठवडाभर दारात खुर्ची टाकून बसलो. सर आले नाहीत. त्यांनी तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली.

नात म्हणाली, "जाऊ द्या आजोबा, मला तरी कुठे एवढं आवडायचं."

माझा मान राखायला खोटं बोलली. आता तिच्या गुडघ्यांवर एकही खपली नाही. ती समोर बसली की मला तिकडे बघवत नाही.