हेळव्यानं न म्हटलेली नावं

हेळवी आमच्या गावात यायचा तो सुगी आटोपल्यावर. कर्नाटकाकडून बैलगाडी घेऊन, बायकोपोरांसकट. देवळामागच्या चिंचेखाली त्याचं बिऱ्हाड पडायचं. दरवर्षी नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा. काम एकच. पहाटे एकेका घरासमोर उभं राहायचं, हातातली घंटा वाजवायची आणि त्या घराच्या पूर्वजांची नावं म्हणायची. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, आडनाव कशावरून पडलं, कुणाला पोरं किती, कोण लढाईत पडला. सगळं तोंडपाठ, बापानं पोराला शिकवलेलं. म्हणून झालं की घरची बाई सुपातून ज्वारी आणायची, वर गुळाचा खडा, आणि ऐपत असली तर धोतर. आताच्या पोरांना हे सांगितलं की हसतात. हसोत बापडी.

आमच्या दारात मात्र तो कधी थांबला नाही. थांबणार तरी कशाला? माझे वडील जर्मन होते.

तासगावच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या विहिरींवर तेलावरची इंजिनं बसवायला म्हणून एका कंपनीनं त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इकडं पाठवलं होतं. लढाई लागली आणि सरकारनं जर्मन माणसांना धरलं. त्यातली म्हातारीकोतारी, बायकापोरं आणि ज्यांच्यावर संशय नव्हता अशी काही माणसं साताऱ्यात नजरेखाली ठेवली, त्यात हे. लढाई संपल्यावर बाकीचे परत गेले. वडिलांना परत जायला काही उरलंच नव्हतं. त्यांचा मुलूख दुसऱ्या देशात गेला होता आणि तिथल्या जर्मन लोकांना घरंदारं सोडायला लावली होती. त्यांचे आईवडील त्या वाटेतच गेले. भाऊ त्याआधी लढाईत. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, इंजिनाचा वॉशर बदलता बदलता, आणि मग म्हणाले, "पाना दे त्यो."

त्यांचं मराठी शेतकऱ्यांकडून शिकलेलं, म्हणून ते असं. निळ्या डोळ्यांचा, तांबडालाल माणूस विहिरीच्या काठावर उभा राहून "आवं, पंपाचा फुटवॉल लय घाण झालाय" म्हणायचा, तेव्हा परगावचे पाव्हणे तोंडाकडं बघत राहायचे. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तेव्हा जर्मनची भांडी म्हणत, म्हणून शाळेत पोरं मला जर्मनचं पातेलं म्हणायची. मीही काही गरीब गाय नव्हते. एकाच्या टाळक्यात पाटी घातल्यावर ते बंद झालं.

आई मिरजेच्या दवाखान्यात नर्स होती, तिथंच दोघांची गाठ पडली. तिच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतलेला. "माझ्या आज्यानं येशू धरला आन् हेळव्यानं आमचं दार सोडलं," असं ती सांगायची. सांगताना आवाजात राग नसायचा, पण हेळव्याची घंटा वाजली की ती भांडी जरा जोरात आपटायची.

बाहत्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि इंजिनं गप्प पडली. वडीलही गप्प पडले. हाताला काम असलं की माणसाला मागचं आठवत नाही. ते वर्षभर ओट्यावर बसून होते, आणि त्यातच त्यांना खोकला लागला तो गेलाच नाही.

दुष्काळ सरल्यावरच्या सुगीला हेळवी आला. शेजारच्या तात्यांच्या दारात पहाटे घंटा वाजली, तसे वडील उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले. मीही घोंगडं पांघरून मागं गेले. तात्या म्हणजे फौजेतून आलेले, ऊस आणि द्राक्षबाग राखून असलेले, मिशीवर तूप चोळणारे गडी. गावात कुणापुढं न वाकणारे तात्या हेळव्यासमोर हात जोडून उभे होते. मूळ पुरुषापासून एकेक नाव खाली येत गेलं. शेवटी तात्यांच्या धाकट्या भावाचं नाव आलं. तो पाकिस्तानच्या लढाईत गेला होता. हेळव्यानं ते नाव जरा लांबवून म्हटलं. तात्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले.

वडील घरी आले आणि चहा घेईनात. कप बाजूला सारून म्हणाले, "हितं मेलेल्या मान्सास्नी परत बोलवत्यात. माझ्या मान्सांचं नाव ह्या जगात कोन घेतंय गं? मी गेलो की संपलं."

दुसऱ्या दिवशी ते पहाटेच अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. आईनं सुपात ज्वारी काढून दाराआड ठेवली. गूळसुद्धा ठेवला. हेळवी आला. आमच्या दारापाशी त्यानं घंटा काखेत धरली, ती वाजू नये म्हणून, आणि पुढं गेला. आईनं सूप उचललं, ज्वारी परत कणगीत ओतली आणि म्हणाली, "बघितलासा? आता आत या, खोकला वाढंल."

पण वडील हट्टी. संध्याकाळी तात्यांना घेऊन चिंचेखाली गेले. मला बरोबर नेलं ते आधाराला. हेळवी चांगला माणूस होता, उगाच कशाला खोटं बोलू? त्यानं घोंगडं पसरून बसायला दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नुसत्या नावांनी हुईत न्हाई, साहेब. मूळ गाव पायजे. आडनाव कुठनं आलं ते पायजे. बिनमुळाचं झाड मी कुठं लावू?"

वडिलांना बापाचं नाव ठाऊक, आजोबांचं ठाऊक. आडनाव एका गावाच्या नावावरून पडलंय हेही ठाऊक. पण ते गाव त्यांनी बघितलेलं नव्हतं. त्यांचा जन्म दुसऱ्याच गावातला.

तात्या म्हणाले, "आवं मिस्त्री, ते आसंच आसतंय. गावात ऱ्हातोय त्येला गावाचं नाव कोन देतंय? कोरेगाव सोडून दुसरीकडं गेला की मंग त्यो कोरेगावकर. तुमचा कोनतरी पूर्वज गाव सोडून आलाय बघा."

वडील थक्क झाले. साठीला टेकलेला माणूस, आयुष्यभर ते आडनाव घेऊन फिरला, आणि त्याचा अर्थ तासगावच्या एका फौजीनं सांगितला. हेळवी म्हणाला, "त्यो कोन, आन् कुठलं गाव सोडलं, येवढं गावलं की पुढल्या खेपेला मी तुमच्या दारात उभा ऱ्हातो." हा शब्द त्यानं दिला, आणि वडिलांनी तो मनात धरून ठेवला.

तिकडं पत्रं घालून बघितली. उत्तर आलं नाही. मग एके दिवशी म्हणाले, "साताऱ्याला जायाचं."

साताऱ्यात त्या नजरकैदेच्या दिवसांत त्यांच्याच मुलखाची एक बाई होती, मास्तराची विधवा. तीही परत गेली नव्हती. एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहून विणकामावर पोट भरायची. तिनं त्या काळात एकदा वडिलांना म्हटलं होतं, तुझ्या आडनावाचं गाव मला माहीत आहे, तुझी मूळ माणसंही माहीत आहेत, ये कधीतरी, सांगते. वडील तेव्हा तरणे. पूर्वजांचं कुणाला पडलेलं असतं त्या वयात?

तासगावहून विटा, विट्याहून कराड, असे एसटी बदलत निघालो. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून भजी घेतली. खोकल्याला तळलेलं चालत नाही, पण त्या दिवशी ते लग्नाला निघाल्यासारखे होते. साताऱ्यात उतरल्यावर बाईंसाठी कंदी पेढे घेतले. रस्ताभर मला सांगत होते, आधी गावाचं नाव विचारायचं, मग नदी कुठली, मग मूळ पुरुष.

खोलीत एक लहानखुरी म्हातारी खाटेवर बसली होती. केस कापसासारखे, अंगात विणलेला लाल स्वेटर, पायांत मोजे. वडिलांना बघून तिचा चेहरा उजळला. ते जर्मन बोलायला लागले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वडिलांचा आवाज मला कळत होता. आधी भराभर चालला, मग सावकाश झाला, मग लहान मुलाशी बोलावं तसा झाला. म्हातारीनं खाटेखालून एक पत्र्याची पेटी ओढली आणि उघडून दाखवली. आत घड्या घातलेले कपडे, वर एक टोपी. ती काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच. वडिलांनी तिचा हात हातात घेतला आणि थोडकं उत्तर दिलं. ती खूश झाली. तिनं पेटी लावली आणि मला एक पेढा दिला.

परतीच्या गाडीत कराड आलं. मग मीच विचारलं, "काय म्हणाली ती?"

"मला माझा बाप समजली. इचारत व्हती, घरी कवा जायाचं? पेटी भरून तयार हाय म्हनं."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"पुढल्या आठवड्यात."

खिडकीतून ऊस दिसत होता, मैलच्या मैल. मला रडू येत होतं आणि गाडीत बायका बघत होत्या, म्हणून मी कंडक्टरशी उगाच सुट्ट्या पैशांवरून भांडले.

त्यानंतर वडिलांनी गावाचा शोध सोडला. हेळव्याची वाट मात्र सोडली नाही. मी सांगलीला कॉलेजात होते. सुट्टीत आले की पहिला प्रश्न तोच, चिंचेखाली गाडी दिसली का? दर खेपेला ते आणखी वाळलेले दिसायचे. आई डॉक्टर बदलत होती, काढे उकळत होती, आणि देवळाकडं बघून मनातल्या मनात हेळव्याला बोलावतही असणार. तिनं तसं कबूल केलं नसतं.

आणीबाणी उठायच्या जरा आधी हेळवी आला. या वेळी तात्यांनीच त्याला हाताला धरून आमच्या दारात आणलं. वडिलांना आम्ही खाटेसकट ओट्यावर काढलं. शेजारपाजार जमला.

"मूळ गाव, साहेब?" हेळव्यानं विचारलं.

"गावलं न्हाई," वडील म्हणाले.

हेळव्यानं घंटा या हातातून त्या हातात घेतली. शब्द दिलेला होता, आणि माणूस तर समोर असा. मग म्हणाला, "आमच्यात गाव सोडून आल्याला त्योच मूळ पुरुष आसतो. तुमी मुलूख सोडलासा, हितं चूल मांडलीसा. तवा मूळ पुरुष तुमीच."

तात्यांनी मान डोलावली. बायकांत कुजबूज झाली, बरं झालं म्हणून. वडिलांच्या तोंडावर मात्र मला काही बरं दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "आन् माझा बाप? माझा आजा? भाऊ?"

"त्ये तिकडलं, साहेब. मुळाच्या खालचं मला म्हनता येत न्हाई."

घंटा वाजली. हेळव्यानं वडिलांचं नाव घेतलं, साता समुद्रापलीकडून आले म्हणाला, गावाच्या विहिरींचं पाणी वर काढलं म्हणाला. चांगलं म्हणाला. मग थांबून वडिलांकडं बघितलं. "पुढं? ल्योक?"

"लेक हाय," वडील म्हणाले, आणि माझ्याकडं हात केला.

"लेकीवर वंश चालत न्हाई, साहेब." हे तो हळू म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्यानं घंटा एकदा वाजवली आणि काखेत धरली. मूळही तेच, शेंडाही तेच. संपलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढं सरकले तशी आईनं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं तिनं सूप उचललं आणि त्याच्या पदरात ज्वारी ओतली. तात्यांच्या दारात हे सगळं चालायचं ते ऊन ओट्यावर येईपर्यंत. आमच्या दारात चुलीवरचं दूध उतू जायच्या आत आटोपलं.

दुपारी वडिलांनी मला खाटेशी बसवलं. "तू घे नावं," म्हणाले. बापाचं नाव सोपं होतं, मी घेतलं. भावाचंही जमलं. आजोबांचं नाव काही केल्या येईना. त्यात तीन-चार अक्षरं एकमेकांवर चढून बसलेली, घशातून काढायची, आणि माझी जीभ तासगावच्या पाण्यावर वाढलेली. ते म्हणायचे, मी म्हणायची. ते मान हलवायचे, खोकायचे, पुन्हा म्हणायचे. असं कितीतरी वेळ चाललं. त्यांना धाप लागली, तेव्हा मी जे तोंडाला येईल तसं एकदा म्हणून टाकलं. ते चुकलं होतं, माझ्याच कानाला कळत होतं.

त्यांनी डोळे मिटले. "व्हय," म्हणाले, "त्योच."

पाडव्याच्या आत ते गेले. आता हेळवी येत नाही, तात्याही नाहीत, आईही नाही. मी ती नावं अजून घेते, पहाटे, चहा ठेवताना. आजोबांचं नाव चुकीचंच घेत असणार, पण ते बरोबर कसं हे सांगणारं आता कुणी राहिलेलं नाही.