आदल्या बुधवारी लिहिलेला अहवाल

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक क्लार्कबाई आहेत, त्यांना सगळे पत्रकबाई म्हणतात. त्यांचं खरं काम दाखले लिहायचं आणि हजेरीचे तक्ते जुळवायचं. पण दर महिन्याला शाळेचं चार पानी पत्रक निघतं आणि ते गेली एकोणीस वर्षं त्या एकट्या लिहितात, म्हणून हे नाव पडलं. शाळा पाचवी ते आठवीची. मी तिथली खेळाची बाई. शिट्टी फुंकून आणि मैदानभर ओरडून माझा आवाज असा झालाय की घरात कुणाशी प्रेमाने बोलले तरी शेजारी विचारतात, काय बिनसलं. तेव्हा बोलणं फटकळ वाटलं तर चालवून घ्या.

पत्रकबाई माझ्या अगदी उलट. हळू बोलायचं, हळू चालायचं, डबासुद्धा आवाज न करता उघडायचा. त्यांचं टेबल खिडकीपाशी. त्यावर शिक्क्यांचा स्टँड, डिंकाची बाटली आणि कायम टोक केलेल्या तीन पेन्सिली. मधल्या सुट्टीत मी तिथेच जेवायला बसते आणि शाळाभरच्या तक्रारी त्यांच्यासमोर ओकते. त्या ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, ''जाऊ दे गं, मुलं आहेत.'' मोठ्या बाईंबद्दल, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांबद्दल बोलत असले तरीही हेच म्हणतात.

त्यांच्या पत्रकात कुणी कधी हरत नाही. माझी रिलेची टीम एकदा सहा शाळांत सहावी आली. पत्रकात छापून आलं, ''आपल्या मुलींनी सहावा क्रमांक पटकावला.'' मी पत्रक घेऊन तरातरा ऑफिसात गेले. म्हटलं, ''पटकावला? पाठीमागे कुणी नव्हतं हो पटकावायला!'' तर म्हणाल्या, ''त्यांच्या घरी वाचतील ना. बरं वाटेल.'' मी कपाळाला हात लावून परत आले.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. छापखान्याचा माणूस मजकूर घेतो बुधवारी, छापून देतो शुक्रवारी सकाळी. आणि आमचे सगळे कार्यक्रम शुक्रवारी दुपारी. मोठ्या बाईंना हवं की कार्यक्रम संपला की लगेच मुलांच्या दप्तरातून पत्रक घरी जावं, गरमागरम. म्हणून पत्रकबाई शुक्रवारच्या कार्यक्रमाचा अहवाल बुधवारीच लिहून मोकळ्या व्हायच्या. कोण बोलणार, कोण गाणार, कोणाचा सत्कार, याची यादी समोर असायची. तिच्यात 'उत्साहात पार पडला' घातलं की झालं. एकदा पाहुणे आलेच नाहीत, तरी त्यांनी बहुमोल मार्गदर्शन केलं. आम्ही शिक्षकांनी हसून हसून पोट धरलं, आणि विसरून गेलो. कार्यक्रम चालू असताना पत्रकबाई ऑफिसात बसून चारशे पत्रकांच्या घड्या घालत असायच्या. म्हणजे ज्या बाईंनी एकोणीस वर्षं शाळेचा प्रत्येक कार्यक्रम लिहिला, त्यांनी त्यातला एकही धड पाहिलेला नव्हता. हे तेव्हा कुणाला विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

गेल्या महिन्यात विज्ञान प्रदर्शन झालं. मुलांनी आठ दिवस खपून पुठ्ठ्याचे पूल केले होते, पाणी गाळायच्या बाटल्या केल्या होत्या, एकाने तर घरचा पंखा उघडून आणला होता आणि तो परत जोडता येईना म्हणून रडकुंडीला आला होता. सूत्रसंचालनाला सातवीतली बेकरीवाल्यांची मुलगी. तिला वर्गात रेडिओ म्हणतात, कारण ती बोलायला लागली की बंदच होत नाही. माझ्या तासाला धावताना दम लागतो तेव्हाही बोलत असते. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव सुचायचं कारणच नव्हतं.

मी पाचवीच्या पोरांना गप्प बसवत सभागृहाच्या दारात उभी होते. मुलगी माईकसमोर आली, दोन वाक्यं बोलली आणि थांबली. आम्हाला वाटलं श्वास घेतेय. तिने कागद वर केला, खाली केला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, ''रेडिओ बिघडला,'' आणि हशा पिकला. मी त्या कोपऱ्यातल्या पोरांवर डोळे वटारले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गाण्याच्या सरांनी पुढे होऊन माईक घेतला. मुलगी बाजूच्या पायऱ्यांवरून उतरली आणि मागच्या दाराने गेली. पुढचा कार्यक्रम सुरळीत झाला.

पाच वाजता पत्रकं वाटली गेली. त्यांत छापलेलं होतं, ''सातवीच्या विद्यार्थिनीने खणखणीत आवाजात केलेल्या सूत्रसंचालनाने उपस्थित मंत्रमुग्ध झाले.'' आणि खाली तिचं नाव.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. मैत्रिणी म्हणाल्या ताप आहे. बुधवारी शाळा सुटल्यावर मी नेहमीप्रमाणे बेकरीत पाव घ्यायला गेले, तर काउंटरच्या काचेला आतून पत्रक चिकटवलेलं, आणि त्या ओळीखाली लाल पेनाची जाड रेघ. दुपारची भट्टी सोडता येत नाही म्हणून तिचे वडील कधी कार्यक्रमाला येऊ शकत नाहीत. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला ते तेच दाखवत होते. ''आमची लेक. अख्खं सभागृह मंत्रमुग्ध.'' मग मला बघून त्यांचा चेहरा जरा उतरला. म्हणाले, ''बाई, शाळेत कुणी काही बोललं का हो तिला? वर बसून असते. ताप नाही, काही नाही. म्हणते या शाळेत नाही जायचं, दुसरीत घाला. आणि येणारं-जाणारं माणूस कौतुकाने म्हणतं, बाळा, दोन वाक्यं बोलून दाखव, की तोंड फिरवून जिन्याने वर पळते.''

आणि मी काय केलं? ''नाही बुवा, तसं काही नाही,'' म्हटलं, पाव पिशवीत टाकला आणि काढता पाय घेतला. मैदानात चाळीस पोरांना जागच्या जागी उभी करणारी मी, त्या माणसासमोर शेपूट घातली. घरी जाईपर्यंत स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आत मी पत्रकबाईंना सगळं सांगितलं. त्या घास हातात धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ''मी काय लिहिलं होतं?'' त्यांना आठवतच नव्हतं. मंत्रमुग्ध हा शब्द वर्षातून तीन-चारदा पडतोच त्यांच्या पत्रकात. मी ओळ वाचून दाखवली. त्यांनी घास डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

''म्हणजे तिला घरी खरं सांगताच येईना,'' त्या म्हणाल्या. ''माझ्यामुळे.''

''सगळ्यांमुळे,'' मी म्हटलं. ''तुम्ही एकट्यांनी वाटली नाहीत ती पत्रकं.''

पण त्यांनी ऐकलं नाही. उठून थेट मोठ्या बाईंकडे गेल्या. मी मागोमाग. पुढच्या अंकात खुलासा छापायचा, असं त्यांनी सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. ''अहो, एका ओळीसाठी? आणि लोकांना कळेल ना, की आपण आधीच लिहितो! त्यापेक्षा पुढच्या अंकात तिचं परत एकदा कौतुक करा. मूल खूश, पालक खूश.'' यावर पत्रकबाई म्हणाल्या, ''नाही.'' एवढंच. एकोणीस वर्षांत त्या खोलीत त्यांनी हा शब्द उच्चारला नसेल. मोठ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच पढवून आणलंय.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बेकरीत गेलो. रस्त्यात पत्रकबाईंनी दोनदा पर्स उघडून वही आहे ना बघितलं. बेकरीवाल्यांनी आम्हाला आत भट्टीच्या अलीकडच्या खोलीत बसवलं. पिठाच्या पोत्यांना टेकून दोन स्टुलं होती. उबेला खमिराचा वास होता. ते चहा सांगायला निघाले, तर पत्रकबाई म्हणाल्या, ''आधी ऐकून घ्या, मग चहा द्यावासा वाटला तर द्या.''

आणि सगळं सांगितलं. मी बुधवारीच लिहिते. शुक्रवारी मी तिथे नसते. तुमची मुलगी दोन वाक्यं बोलून थांबली, पोरं हसली, ती निघून गेली. जे छापलं ते खोटं आहे आणि ते मी लिहिलंय. एका दमात, मान खाली घालून सांगितलं. मला वाटलं, आता हे घालून पाडून बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हाताचं पीठ पुसत राहिले, पुसून झालं तरी.

मग जिन्यापाशी जाऊन त्यांनी हाक मारली. मुलगी खाली आली. आम्हाला बघून पायरीवरच थांबली.

''त्या दिवशी काय झालं गं?'' त्यांनी विचारलं. ''बाईंनी सांगितलं मला. पण तू सांग.''

ती आधी बापाकडे बघत राहिली, रागावलाय का ते. मग जी बोलायला लागली! पाठ होतं सगळं, बाबा. माझं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि पुढचं वाक्य गेलं. कागदावर दिसत होतं पण वाचता येत नव्हतं. ते हसले तेव्हा नाही रडू आलं, गाण्याच्या सरांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा आलं. मग तू ते काचेला लावलंस. रोज लोकांना दाखवतोस. मी शाळेत गेले की तिथे हसतात, घरी आले की इथे कौतुक, मी जाऊ कुठे? आठ दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. पत्रकबाईंनी वही काढली होती आणि त्या लिहून घेत होत्या, तिच्याच शब्दांत.

''हे छापणार?'' मुलीने विचारलं.

''तू म्हणशील तर.''

तिने विचार केला. ''छापा. रडले तेही छापा. पण उत्साहात रडले असं नका लिहू.''

मला हसू आवरेना. बेकरीवालेही हसले. आणि पुढच्या अंकात ते खरोखर छापलं गेलं. त्यावरून मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना काय काय ऐकवलं, ते जाऊ दे. तिथेच मुलगी म्हणाली, सोमवारी येते. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चहा आला, आम्ही प्यायलो, निघायला उठलो.

तेवढ्यात बेकरीवाल्यांनी गल्ल्याखालचा ड्रॉवर उघडला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुनं पत्रक काढलं. घड्यांवर फाटायला आलेलं. मुलगी पाचवीत असताना पालकांचा मेळावा झाला होता, त्यात तिच्या आईने गाणं म्हटलं होतं. त्याच वर्षी आई गेली, हे आम्हाला माहीत होतं. त्यांनी बोट ठेवलं ती ओळ मी वाचली. ''पालक भगिनीने सादर केलेल्या सुरेल गीताला श्रोत्यांनी टाळ्यांच्या कडकडाटात दाद दिली.''

''त्या दिवशीही भट्टी होती,'' ते म्हणाले. ''बाई, हे तरी खरं आहे ना?''

पत्रकबाई कशाबशा म्हणाल्या, ''मी नव्हते तिथे. हेही बुधवारीच लिहिलंय.'' आणि मग त्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी होते. मेळाव्याला मी होते. मी आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला. मला खुर्च्या आठवल्या, त्या मीच लावून घेतल्या होत्या. पाण्याचा ड्रम आठवला. ती बाई आठवली नाही. पत्रकात आलंय ना, मग आपण कशाला लक्षात ठेवायचं, अशी सवय लागली होती आम्हाला. हो म्हणून टाकणं किती सोपं होतं. पण नुकतंच एवढं सगळं झाल्यावर जीभ रेटली नाही. ''मला आठवत नाही हो,'' मी म्हटलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ते पत्रकाची घडी घालायला लागले.

''मला आठवतं,'' मुलगी म्हणाली. ''मी दुसऱ्या रांगेत होते. आई मध्येच शब्द विसरली. मग तोंडावर हात ठेवून हसली, इतकी हसली की पेटीवाले सर पण हसायला लागले. मग म्हणाली, थांबा हं, पहिल्यापासून म्हणते. आणि पहिल्यापासून म्हटलं.''

बेकरीवाल्यांच्या हातातली घडी तशीच अर्धी राहिली.

''हसली?'' ते म्हणाले. ''दोन वर्षं मी हे वाचतोय. सुरेल, कडकडाट, सगळं पाठ आहे मला. ती हसली होती हे मला कुणी सांगितलं नाही.''

''तू विचारलंच नाहीस, बाबा,'' मुलगी म्हणाली. ''तुझ्याकडे कागद होता ना.''

त्यांनी पत्रक पोत्यावर ठेवलं, माझं रिकामं झालेलं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. ''आता विचारतो,'' ते म्हणाले. ''कोणतं गाणं होतं?''

पत्रकबाईंची वही अजून उघडीच होती. त्यांनी ती मिटली, पर्समध्ये ठेवली आणि आम्ही दोघी दुकानातून बाहेर आलो.